रूळ उचलले, वाट मोडू नका

लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा आजही चालू पत्ता आहे. दुकानाच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेत असतो, रिक्षावाल्याला सांगितला तर तो पुढे काही विचारत नाही. रूळ मात्र तिथे नाहीत. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, उभ्या राहत नाहीत, पोती चढवणाऱ्या हमालांची रांग नाही. शहराच्या पोटातले जे स्टेशन आणि जो मालधक्का जवळजवळ नव्वद वर्षे इथल्या बाजाराचा माल बाहेर काढत होता, त्याची ओळख या तीन शब्दांपुरती उरली आहे.

विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. एक म्हणजे, गेले ते गेले, आता रस्ता रुंद करा आणि कडेने गाळे काढा. दुसरे, एक जुने इंजिन आणून चौकात बसवा. आमचे म्हणणे या दोन्हींहून वेगळे आहे. रेल्वेने सोडलेल्या वाटेची खरी किंमत तिच्या सलगपणात असते. ती पट्टी एकदा तुकड्यांत वाटली गेली की कितीही पैसा ओतला तरी पुन्हा जुळत नाही. म्हणून कोणत्याही नव्या कामाची निविदा निघण्याआधी तिची मोजणी आणि नोंद झाली पाहिजे, आणि शहराच्या विकास आराखड्यात ती एकसंध आरक्षण म्हणून दिसली पाहिजे.

लोक जिला ‘बार्शी लाईट’ म्हणत ती गाडी मुळात मालासाठी आखलेली होती, हे विसरून चालणार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०७ मध्ये रूळ तडवळ्यापर्यंत आले आणि १९११ मध्ये लातूरला पोचले. दुसऱ्या बाजूला पंढरपूर आणि पुढे १९२७ मध्ये मिरज जोडले गेले, तेव्हा एकूण मार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; हीच नॅरोगेज. रूळ सुरुवातीला यार्डाला ३० पौंड वजनाचे, आजच्या मापात मीटरला १५ किलोच्या आतबाहेर. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचे रूळ घालतात, यावरून फरक लक्षात यावा.

इतक्या हलक्या रुळांवर माल कसा जात असे? कॅलथ्रॉपने नियम केला होता की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. चार आसांची वाघीण म्हणजे २० टन. त्यातून वाघिणीचे स्वतःचे वजन वजा केले की १५ टनांच्या आसपास माल बसतो. क्विंटलच्या पोत्यात मोजले तर एका वाघिणीत दीडशे पोती. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण दीडशे पोती एका मध्यम आडत्याला एकट्याने जमवता येतात. सरकी, करडई, तूर, ज्वारी, जे हंगामात असेल ते भरा, वाघीण लावा आणि पाठवा. मालधक्का बाजाराच्या जवळ आणि वाघीण बाजाराच्या ऐपतीची, या दोन गोष्टींनी लातूरची पेठ वाढवली. निजामाच्या राज्यातले हे गाव रुळाने ब्रिटिश हद्दीतल्या कुर्डुवाडीला, तिथून थेट मुंबईला जोडले गेले. गंजगोलाईची आखणी १९१७ ची, रेल्वे आल्यानंतर सहा वर्षांनी झालेली. सोळा रस्ते एकत्र आणणारी ती गोल पेठ बघताना आपण रस्ते मोजतो. पण तिथे जमलेला माल पुढे कुठे जायचा ते सांगणारी खूण आता शहरात दिसत नाही.

कापसाचे गणित आणखी बोलके आहे. सुटा कापूस भरला तर वाघीण आकाराने भरते, वजनाने निम्मीही होत नाही, भाडे मात्र पूर्ण वाघिणीचे. म्हणून जिनिंगनंतर, म्हणजे सरकी वेगळी काढल्यावर, रुई दाबून गाठ बांधणारी प्रेस स्टेशनच्या जितकी जवळ तितके बरे. आजच्या १७० किलोच्या गाठीने हिशोब केला तर १५ टनांत वजनाने ८५ ते ९० गाठी बसतात. प्रेस लांब असेल तर प्रत्येक गाठ बैलगाडीवर एकदा जास्त चढते आणि उतरते. जिनिंग, प्रेस, तेलगिरण्या, डाळ मिल आणि हमालांची वस्ती स्टेशनच्या भोवती का जमतात याचे कारण हे आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही गंजाच्या, म्हणजे धान्यपेठेच्या, गावी जुन्या कारखानदारीची वस्ती बघा, तिची पाठ बहुधा रुळाला लागलेली असते.

ही गाडी का हरली तेही सरळ सांगायला हवे, नाहीतर नुसते हळहळणे होईल. नॅरोगेजचा माल कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, वाघिणीत बदलावा लागे. म्हणजे प्रत्येक पोते वाटेत एकदा जास्त उचलायचे, त्यात गळती, फाटाफूट, चोरी आणि वाघीण मिळेपर्यंतचा खोळंबा. ट्रक आला तसा तो आडतीच्या दारात लागला आणि मुंबईच्या दारात रिकामा झाला. वेगात गाडी हरली हे खरे, पण तिला जास्त महाग पडली ती ही बदली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, मार्ग मध्य रेल्वेत आला, पण बदलीचे दुखणे गेजमध्येच होते. त्यामुळे ब्रॉडगेजची मागणी योग्य होती. लातूर–उस्मानाबाद टप्पा २००७ मध्ये आणि कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये खुला झाला. नॅरोगेज येडशीवरून जाई आणि जिल्ह्याचे ठिकाण बाजूला राहत असे. नव्या मार्गाने ते शहर, आजचे धाराशिव, रुळावर आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची. ती याच ब्रॉडगेजवरून आली. एका टाकीत ५० हजार लिटर पाणी ओढायला ५ टनांचा आस पुरला नसता. नॅरोगेज परत आणा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही.

पण गेज बदलताना लातूरचे जे झाले ते सगळीकडे झाले नाही. जालना, परभणी, पूर्णा, नांदेड या मनमाड–सिकंदराबाद वाटेवर मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले तेव्हा स्टेशने बहुतेक आपापल्या जागी राहिली. गाडी बदलली तरी ‘स्टेशन रोड’ खोटा पडला नाही. लातुरात वाटच बदलली. नवे स्टेशन शहराच्या कडेला गेले आणि जुनी वाट मोकळी झाली. सलग, सपाट, भर वस्तीतून जाणारी पट्टी शहराला फुकटात मिळाल्यासारखी झाली. अशी संधी कुठल्याही शहराला शतकात एखाद्या वेळी मिळते.

या पट्टीत विशेष काय, असे विचारणाऱ्यांनी तिचा उतार पाहावा. शंभर फुटांत एक फूट चढ रस्त्यावर जाणवतसुद्धा नाही, पण आगगाडीला तो जड असतो. म्हणून रेल्वेची आखणी जमिनीच्या वळणाने, कमीत कमी चढाने जाते. जी वाट इंजिनाला सोपी ती सायकलला, शाळकरी पोराला, चाकाच्या खुर्चीला आणि शहर बसलाही सोपी. पाण्याच्या किंवा मलनिस्सारणाच्या मोठ्या नळाला तर एकसारखा उतार असलेली सलग जागा म्हणजे लाखमोलाची गोष्ट. त्यात मालकी एकाची. शेकडो खातेदारांकडून गुंठा गुंठा संपादन करत असा रस्ता काढायला गेलात तर एक पिढी कोर्टात जाते.

आणि या मातीत भराव घालताना जुन्या लोकांनी काय केले तेही पाहावे. लातूरच्या परिसरात काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर रूळ टिकवायला मुरमाचा भराव आणि त्यावर खडी लागते. तो भराव नव्वद वर्षे गाड्यांखाली दाबला गेला आहे. नॅरोगेजच्या भरावाचा माथा जेमतेम दहा-बारा फुटांचा. त्यावर आपण ४० किंवा ६० फुटांचा रस्ता बांधतो. मग होते असे की मधली पट्टी जुन्या घट्ट मुरमावर बसते आणि दोन्ही बाजू ताज्या भरावावर किंवा थेट काळ्या मातीवर. दोन पावसाळे गेले की जुना-नवा भराव जिथे भेटतो त्या रेषेने काँक्रीटला लांबच लांब भेग जाते. ठेकेदाराला दोष देऊन सगळे मोकळे होतात. खरे तर जुन्या भरावाच्या कडा पायऱ्यांसारख्या कापून, बाजूची काळी माती काढून किमान अर्धा मीटर न फुगणारा मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून भरायला हवा होता. हे करायचे तर मुळात जुना भराव नेमका कुठून कुठे जातो हे माहीत हवे. तो नकाशा हातात नसतो म्हणून भेग पडते.

पाण्याचेही तसेच. रेल्वेचा भराव जमिनीच्या उताराला आडवा येतो, म्हणून तो बांधताना ठिकठिकाणी मोऱ्या ठेवलेल्या असतात. दगडी, चुन्यात बांधलेल्या, दोन-तीन फुटांच्या, कुठे कमानीच्या. प्रत्येक मोरी म्हणजे तेव्हाच्या एका ओढ्याची किंवा चराची कबुली. रूळ गेल्यावर मोरी निरुपयोगी वाटते, तिच्या तोंडावर भिंत येते, वरून काँक्रीट जाते, आणि मग दर वर्षी ठरावीक गल्लीत पाणी शिरते. पंप लावले जातात, नुकसानीचे पंचनामे होतात. पाणी आपल्या जुन्याच वाटेने आलेले असते. आमच्या मते या एका कारणासाठीसुद्धा नोंदणी तातडीची आहे, बाकी सगळे बाजूला ठेवले तरी.

नोंदणी कशी करायची? खर्चिक काम नाही, पण क्रम चुकला तर फुकट जाते. आधी कागद, मग जमीन, मग माणसे.

कागदांत पहिला गावनकाशा आणि नगर भूमापनाचे शीट, ते भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. मराठवाड्यात १९५४ चे खासरा पाहणी पत्रक हा मोठा आधार आहे. त्याआधीच्या निजामकाळच्या नोंदी उर्दूत, क्वचित मोडीत असतात, त्यासाठी वाचणारा माणूस सुरुवातीलाच गाठावा. शेवटी आठवण झाली तर महिना जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंची (मैलाला एक इंच मापाचे) नकाशे आणि नंतरचे १:५०,००० चे नकाशे शेजारी ठेवले की रुळाची रेघ, स्टेशन आणि मैलाचे आकडे दिसतात. रेल्वेचे स्वतःचे जमीन नकाशे मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे मागावेत. त्यांत हद्दीचे दगड क्रमांकानिशी दाखवलेले असतात.

नंतर उपग्रह चित्र. इथे एक युक्ती कामी येते: इमारती पाहू नका, भिंतींच्या हद्दी पाहा. चौकोनी गल्ल्यांच्या वस्तीत मालमत्तांच्या मागच्या भिंती लांबलचक एकाच मोठ्या वळणात जात असतील तर तिथून रूळ गेलेला असतो. गाडीला काटकोनात वळता येत नाही, आणि तिचे वळण घरांच्या मागच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. ही पट्टी जिथे चातीसारखी मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होते, तिथे यार्ड होते. दोन्ही निमुळत्या टोकांना सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागा) असत, मधल्या फुगवट्यात स्टेशन आणि मालधक्का.

मग प्रत्यक्ष पायी. चार माणसे, ३० मीटरचा फिता, एक मीटरची पट्टेरी काठी, खडू, फोन. दर ५० मीटरला थांबून पट्टीची रुंदी, दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा उंची आणि सध्याचा वापर लिहायचा. फोटोत काठी हवीच, नाहीतर दहा वर्षांनी मोरी दोन फुटांची होती की चार, यावर वाद होतो. फोनने दाखवलेली जागा उघड्यावर चार-पाच मीटर चुकते, दाट गल्लीत त्याहून जास्त, म्हणून प्रत्येक खूण दोन पक्क्या कोपऱ्यांपासून फित्याने मोजून लिहावी. उत्तम काळ मे महिना, कारण गवत-झुडूप वाळलेले असते.

खुणांपैकी कशावर विश्वास ठेवायचा, यात नवखे लोक फसतात. रुळाचा खांब दिसला की इथून लाईन गेली असे धरतात. रूळ तर कुंपणाला, गोठ्याच्या आढ्याला, विजेच्या खांबाला, कुठेही नेलेला असतो. त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असेल तर ते जरूर लिहून घ्यावे, पण त्यावरून जागा ठरवू नये. जागा ठरते जमिनीत रुतलेल्या गोष्टींवरून. मोरी, फलाटाची कडेची भिंत, विहीर, पाण्याच्या टाकीचा चौथरा, वजनकाट्याचा खड्डा, हद्दीचा दगड. मालधक्का ओळखायची खूण म्हणजे त्याची उंची. तो वाघिणीच्या तळाला लागेल एवढा उंच असतो, म्हणजे पाठीवर पोते घेतलेला माणूस पायरी न चढता आत जातो. उतारूंचा फलाट त्याहून ठेंगणा. आणि काळ्या मातीत कुठे खणताना राखेचा, अर्धवट जळालेल्या कोळशाच्या खड्यांचा थर लागला तर तिथे इंजिनाची राख झाडत. इंजिन फिरवायच्या चकतीचा गोल खड्डा सापडलाच पाहिजे असा हट्ट मात्र नको. पाणी आणि कोळसा अंगावरच वाहणारी टाकी इंजिने उलटीसुद्धा धावतात, त्यांना ती चकती नसली तरी चालते.

शेवटी माणसे. ज्येष्ठ हमाल, आडतीवरचे मुनीम, रूळ सांभाळणारे निवृत्त गँगमन. ‘स्टेशन कुठे होते हो?’ या प्रश्नाला हात हवेत फिरतो आणि उत्तर ढोबळ येते. ‘पोती कुठल्या दारातून आत जायची? गाडी पहिल्यांदा कुठे शिट्टी द्यायची? पाऊस आला की पोती कुठल्या शेडखाली ढकलायची?’ असे विचारले की माणूस उठून जागा दाखवायला चालू लागतो. साल विचारू नये. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, भूकंपाच्या वेळी गाडी चालू होती का, असे विचारावे. दोन माणसांना वेगवेगळे विचारून ताळा घ्यावा.

एवढ्या कामाला चार माणसांचे दोन महिने पुरतात. महापालिका, एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इतिहास विभाग मिळून हे सहज करू शकतात. नकाशा तयार झाला की तो विकास आराखड्यात गेला पाहिजे. इथेही सावधगिरी हवी. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आरक्षण टाकून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उडवू शकतो. त्यामुळे नकाशावर हिरवा रंग लावून बसण्यात अर्थ नाही. जो भाग रेल्वेच्या नावावर आहे त्याचा हस्तांतर किंवा दीर्घ भाडेकरार आधी हवा, कारण शिल्लक जमिनीतून पैसा उभा करणे हे रेल्वेच्या भूमी विकास प्राधिकरणाचे कामच आहे. त्यांच्याकडून कुणी भूखंड विकसनाला घेतला की पट्टीला पहिली भोके पडतात.

एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. अशा पट्ट्यांच्या कडेला गरिबांची घरे असतात आणि ‘वारसा’, ‘मार्गिका’ हे शब्द ऐकले की त्यांच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही. पण त्या वस्त्या मालधक्क्यामुळे उभ्या राहिल्या. गाडी कधीही लागे, हमालाला हाकेच्या अंतरावर राहावे लागे. स्टेशनच्या इतिहासाचा त्या जिवंत भाग आहेत. सायकल आणि पायवाटेला चार मीटर पुरतात, खालून नळ जायला दोन. एवढी सलग जागा बहुतेक ठिकाणी घर न पाडता निघते, जिथे निघत नाही तिथे वाट घराला वळसा घालो. पट्टी सलग ठेवायची ती लोकांसाठी, त्यांना उठवून काही साधायचे असेल तर आमचा त्याला विरोध राहील.

चौकात इंजिन बसवण्याबद्दल एवढेच म्हणू की ते कुठेही बसवता येते, म्हणून इथल्याबद्दल काही सांगत नाही. उघड्यावर ठेवलेले इंजिन खालून कुजते. टाकीचा तळ आणि धुरपेटीचा तळ इथे पावसाचे पाणी साठते आणि वरून दरवर्षी रंग दिला तरी आतून पत्रा जातो. बसवायचेच तर तळाला निचऱ्याची भोके, वर छप्पर, आणि बॉयलरभोवतीचे जुने ॲस्बेस्टॉस जाणकारांकडून काढून घेणे, हे खर्चात धरा. त्याच पैशांत मालधक्क्याची रेघ फरशीत दगडाने उमटवता येईल, लांबी-रुंदी खरीखुरी, आणि तिथे उभे राहून माणसाला दीडशे पोत्यांची वाघीण केवढी होती ते कळेल.

ते कळणे आजच्या धोरणालाही उपयोगाचे आहे. आता रेल्वे मालाची अख्खी गाडी मागते. ४२ बंद वाघिणींची रेक, म्हणजे अशी एक अख्खी गाडी, म्हणजे सुमारे २,६०० टन, ५० किलोची ५२ हजार पोती, तीही ठरलेल्या तासांत भरायची, नाहीतर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. लातूरची तूरडाळ देशभर जाते, पण एकट्या डाळ मिलवाल्याला हे झेपत नाही, म्हणून तो ट्रक बोलावतो आणि आपले रस्ते झिजतात. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना झाला, शहराचा रेल्वेशी संबंध पुन्हा घट्ट होतो आहे. अशा वेळी लहान भरणीची सोय, चार मिलवाल्यांनी मिळून रेक भरायची व्यवस्था, धक्क्यापर्यंतचा जोडरस्ता हे प्रश्न विचारायचे तर जुना मालधक्का लहान व्यापाऱ्याला का परवडत होता हे आधी नीट मांडावे लागेल.

सुरुवात मोऱ्यांपासून करावी. मेमध्ये प्रत्येक मोरीचे तोंड शोधून रुंदी, उंची आणि गाळाची पातळी लिहावी, भिंतीवर रंगाने क्रमांक टाकावा. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच चार माणसांनी छत्र्या घेऊन तीच वाट पुन्हा चालावी आणि कुठल्या क्रमांकापाशी पाणी अडते ते वेळेसह लिहावे. ती यादी दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या शहर अभियंत्याच्या टेबलावर असावी, पाणी ओसरायच्या आत.